पीएसए वाढला, एमआरआय झाला, आता एआयचं ऐकायचं का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात साठीनंतरच्या लघवीच्या तक्रारींवर लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं प्रोस्टेट कॅन्सरच्या तपासण्यांबद्दल आहेत आणि एआयचा उल्लेख नाही असं पत्र शोधावंच लागेल. मी रेडिओलॉजिस्ट आहे, प्रोस्टेटचे एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम, म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला देतोय. नावं छापलेली नाहीत, लांब पत्रं आटोपती घेतलीयत.

प्रश्न: बाबा ६७ वर्षांचे आहेत. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतात म्हणून रक्ताची टेस्ट केली तर पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रोटीन) ७.२ आला. युरोलॉजिस्टनी बायोप्सीच्या आधी एमआरआय सांगितलाय. माझे काका म्हणतात एमआरआयने कॅन्सर सिद्ध होतच नाही, शेवटी तुकडा काढावाच लागतो, मग एवढे पैसे कशाला घालवायचे? (नाशिकहून एक मुलगी)

उत्तर: ताई, काकांचं अर्धं बरोबर आहे. कॅन्सर आहे की नाही हे तुकडा मायक्रोस्कोपखाली बघूनच ठरतं. पण तुकडा काढायची गरज आहे का आणि असेल तर सुई नेमकी कुठे घालायची हे एमआरआय सांगतो, आणि ते आधी कळलं तरच त्याचा उपयोग.

जुनी पद्धत अशी की गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालायचा आणि प्रोस्टेटच्या ठरलेल्या दहा-बारा जागांतून तुकडे घ्यायचे. सोनोग्राफीत बरेचसे कॅन्सर वेगळे दिसतच नाहीत, त्यामुळे गाठीवर नेम धरणं शक्य नसायचं, सगळीकडून थोडं थोडं घ्यायचं. यात दोन्हीकडून नुकसान व्हायचं, पुढच्या बाजूला लपलेली मोठी गाठ सुईच्या वाटेत यायचीच नाही आणि ज्याने आयुष्यभर कधी त्रास दिला नसता असा बारीकसा कॅन्सर मात्र सापडायचा आणि चांगला हिंडताफिरता माणूस एका दिवसात कॅन्सर पेशंट व्हायचा. ब्रिटनमधला प्रोमिस नावाचा अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट या जर्नलमध्ये आला, त्यात ५७६ पुरुषांचा एमआरआय, ही जुनी बायोप्सी आणि शिवाय दर पाच मिलिमीटरवर तुकडा घेणारी बारकाईची बायोप्सी असं तिन्ही केलं. धोक्याच्या कॅन्सरपैकी ९३ टक्के एमआरआयने पकडले, जुन्या बायोप्सीने ४८ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त निसटत होते! पुढच्याच वर्षी ५०० जणांचा प्रिसिजन अभ्यास आला, एका गटाची थेट बायोप्सी आणि दुसऱ्याचा आधी एमआरआय, त्यात संशय दिसला तरच त्या जागेची बायोप्सी. एमआरआयवाल्या गटात ३८ टक्के लोकांत धोक्याचा कॅन्सर सापडला, थेट बायोप्सीत २६ टक्के, आणि एमआरआय गटातल्या २८ टक्के लोकांना सुई टोचावीच लागली नाही. ज्याला बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आलाय किंवा लघवीतून रक्त गेलंय त्याला विचारा सुई वाचण्याची किंमत काय असते.

आता बाबांचा ७.२. नुसत्या आकड्याला घाबरू नका. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये प्रोस्टेटचा आकार सीसीमध्ये दिलेला असतो, पीएसएला त्याने भागा. ८० सीसीची वाढलेली प्रोस्टेट असेल तर ७.२ भागिले ८० म्हणजे ०.०९, एवढी मोठी ग्रंथी एवढा पीएसए सोडणारच. तीच ३० सीसीची निघाली तर उत्तर येतं ०.२४, आणि ०.१५ च्या वर गेलं की आम्ही सावध होतो. याला पीएसए डेन्सिटी म्हणतात आणि ती काढायला कुठलंही एआय लागत नाही. अजून एक गोष्ट नक्की विचारा, बाबा प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी घेतात का. या गोळीने सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे ती चालू असेल तर ७.२ हा खरा चौदाच्या आसपास धरायचा. गोळी फॅमिली डॉक्टरांनी दिलेली असते आणि टेस्ट दुसऱ्याने सांगितलेली, मधल्या मधे हे सांगायचंच राहून जातं. लघवीत इन्फेक्शन असेल तरी पीएसए वाढतो, मग आधी ते बरं करून काही आठवड्यांनी परत टेस्ट.

आणि एमआरआय बायोप्सीच्या आधीच करा. नंतर आत रक्त साकळतं, ते कित्येक आठवडे राहतं आणि फोटोत गोंधळ घालतं.

प्रश्न: माझ्या भावाच्या रिपोर्टमध्ये पाय-रॅड्स ४ लिहिलंय. मुलाने नेटवर बघितलं आणि घरात सगळ्यांना वाटलं चौथी स्टेज. दोन दिवस घरात चूल पेटली नाही. आता कुणी म्हणतं तसं नसतं. (बार्शी)

उत्तर: तसं नसतंच. पाय-रॅड्स म्हणजे एमआरआय बघून रेडिओलॉजिस्टला किती संशय वाटतो त्याचे १ ते ५ मार्क. १ म्हणजे धोक्याचा कॅन्सर असण्याची शक्यता अगदीच कमी, ५ म्हणजे खूप जास्त. कॅन्सर किती पसरलाय याच्याशी या नंबराचा संबंध नाही. ४ म्हणजे संशय बराच आहे आणि दिसणारी जागा दीड सेंटिमीटरपेक्षा छोटी आहे, तीच मोठी असती किंवा प्रोस्टेटच्या बाहेर डोकावत असती तर ५ दिला असता. ४ असलेल्या सगळ्यांना कॅन्सर निघतो असंही नाही. भावाला बायोप्सी लागेल, आणि ती त्या दिसलेल्या जागेची नेम धरून व्हायला हवी, तेव्हा युरोलॉजिस्टना विचारा की एमआरआय आणि सोनोग्राफी जुळवून म्हणजे फ्यूजन करून घेणार का, आणि सुई गुदद्वारातून घालणार की अंडकोषाच्या मागच्या त्वचेतून. दुसऱ्या पद्धतीत सुई आतड्यातून जात नाही.

रिपोर्ट हातात देताना दोन वाक्यं बोलली गेली असती तर हे दोन दिवस वाचले असते, हे मात्र आमच्या पेशाने ऐकून घ्यायला हवं.

प्रश्न: मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक. मधुमेहामुळे क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची टेस्ट) १.९ असतं. एमआरआयला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागेल म्हणाले. त्याशिवाय होत नाही का? (सोलापूर)

उत्तर: काका, बहुतेकांचं होतं. प्रोस्टेटच्या एमआरआयमध्ये तीन प्रकारची चित्रं घेतात. टी-टू मध्ये ग्रंथीची आतली रचना दिसते, डिफ्युजनमध्ये पेशी किती दाटीने आहेत ते कळतं (कॅन्सरमध्ये दाटी असते, पाण्याला हलायला जागा नसते, म्हणून ती जागा चमकते), आणि तिसरी कॉन्ट्रास्टची, म्हणजे शिरेतून औषध देऊन घेतलेली. २०२५ मध्ये प्राइम नावाचा अभ्यास जामा या जर्नलमध्ये आला, १२ देशांतली २२ सेंटर, ४९० पुरुष. सगळ्यांचा पूर्ण स्कॅन केला आणि रेडिओलॉजिस्टनी आधी कॉन्ट्रास्टशिवायचीच चित्रं बघून मत दिलं, मग कॉन्ट्रास्टची बघून. धोक्याचा कॅन्सर पहिल्यात २९.२ टक्के लोकांत सापडला आणि दुसऱ्यात २९.६ टक्के. फरक नसल्यातच जमा. इंजेक्शन नाही, वेळ कमी, खर्च कमी.

पण या अभ्यासात सेंटर घेण्याआधी त्यांच्या मशीनची चित्रं तपासून सुधारून घेतली होती, हे विसरायचं नाही. डिफ्युजन खराब आलं तर कॉन्ट्रास्टचा आधार लागतो. ते खराब कशाने येतं? बऱ्याचदा गॅसने. गुदद्वाराच्या जागी हवा भरलेली असेल तर शेजारची प्रोस्टेट चित्रात वेडीवाकडी ओढली जाते. तेव्हा सकाळी पोट साफ करून जा, त्यांनी एनिमा सांगितला असेल तर टाळू नका, आदल्या रात्री हरभऱ्याची उसळ वगैरे नको. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, धातूमुळे तिथली चित्रं बिघडतात आणि मग कॉन्ट्रास्टचा विचार करावा लागतो. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड बरोबर न्या. तुमचं क्रिएटिनिन बघून कॉन्ट्रास्ट द्यायचाच झाला तर कुठला आणि किती हे रेडिओलॉजिस्ट आणि तुमचे किडनीचे डॉक्टर मिळून ठरवतील.

प्रश्न: आमच्या इथल्या एका सेंटरने एआय प्रोस्टेट एमआरआय असा मोठा बोर्ड लावलाय, बाकीच्यांपेक्षा तीन हजार जास्त घेतात. खरंच फरक पडतो की नुसती जाहिरात? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: त्यांना एकच प्रश्न विचारा, एआय नक्की कशासाठी वापरता? कारण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना हे एकच नाव आहे. एक एआय चित्र तयार करताना वापरतात, त्याने स्कॅन लवकर उरकतो आणि चित्रातली खरखर कमी होते. ते चांगलंच आहे, पण ते कॅन्सर शोधत नाही. दुसरं एआय तयार झालेली चित्रं वाचतं. माझ्या स्क्रीनवर ते असं दिसतं की प्रोस्टेटच्या राखाडी चित्रावर एखाद्या जागी रंगीत डाग उमटतो, शेजारी संशयाचा स्कोअर, आणि ग्रंथीचा आकार आपोआप मोजलेला. मग मी तो डाग बंद करून खालचं मूळ चित्र बघतो आणि तिथे खरंच काही आहे का ते ठरवतो. बोर्डवरचं एआय यातलं कुठलं हे बोर्डवरून कळत नाही.

या दुसऱ्या प्रकारात दम आहे का? आहे. पाय-काय नावाचा मोठा अभ्यास २०२४ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आला. दहा हजारांहून जास्त एमआरआय गोळा करून त्यातल्या बहुतेकांवर एआय शिकवलं, आणि मग न दाखवलेल्या ४०० केसेसवर त्याची तुलना २० देशांतल्या ६२ रेडिओलॉजिस्टशी केली. धोक्याचा कॅन्सर असलेला एक आणि नसलेला एक असे दोन स्कॅन समोर ठेवले तर कुठला जास्त संशयास्पद हे मशीनने शंभरात ९१ वेळा बरोबर सांगितलं आणि डॉक्टरांनी सरासरी ८६ वेळा. डॉक्टरांइतकेच कॅन्सर पकडताना खोटे अलार्म निम्म्याने कमी. मी स्वतः हे काम करतो आणि तरी म्हणतो की हे आकडे आनंदाचे आहेत, कारण प्रोस्टेटचा एमआरआय वाचणं अवघड आहे आणि दोन चांगले रेडिओलॉजिस्टसुद्धा एकाच चित्रावर भांडतात.

पण त्याच अभ्यासातला पुढचा भाग बातम्यांत आला नाही. त्या हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांनी पेशंटची हिस्टरी, आधीचे स्कॅन बघून, टीममध्ये बोलून जे मूळ रिपोर्ट दिले होते त्यांच्याशी तुलना केली तेव्हा मशीन काही पुढे गेलं नाही. माणसाला पेशंट माहीत असला की तो बरोबरीला येतो. आणि शिकवायला वापरलेले एमआरआय नेदरलँड्समधले होते, तपासायला त्यात नॉर्वेचे मिळवले. आपल्याकडचे पेशंट वेगळे, मशीनं वेगळी, आजारही थोडे वेगळे. प्रोस्टेटला टीबी होऊ शकतो, मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजीचं औषध आत सोडलेलं असेल तर त्यानेही प्रोस्टेटमध्ये गाठी होतात, आणि या गाठी एमआरआयवर हुबेहूब कॅन्सर, थेट पाय-रॅड्स ५ सारख्या दिसतात. बीसीजी दिलंय हे फाइलमध्ये असतं, चित्रात नसतं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एआयला दिलेलं चित्र. पेशंट हलला, पोटात गॅस, डिफ्युजन घाईत उरकलेलं, असं चित्र माझ्यासमोर आलं तर मी लिहितो की परत करा, आणि काही सॉफ्टवेअर मात्र त्यावरही स्कोअर देऊन मोकळी होतात. मला याची काळजी अशासाठी वाटते की एआयची खरी गरज तालुक्याच्या गावाला आहे, जिथे रोज प्रोस्टेट वाचणारा कुणी नाही, आणि नेमकी तिथेच चित्रं सगळ्यात कच्ची निघतात. तिथे आधी टेक्निशियनला नीट शिकवायला हवं, प्रोटोकॉल बसवायला हवा, मग सॉफ्टवेअर.

तुमच्या तीन हजारांबद्दल माझं मत: मशीन ३ टेस्लाचं किंवा चांगलं १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे त्याच्या चुंबकाची ताकद), रिपोर्ट करणारा डॉक्टर नेहमी प्रोस्टेट वाचणारा, आणि बायोप्सीत काय निघालं हे त्याला परत कळवलं जातं, या तीन गोष्टी असतील आणि वर एआयही असेल तर जरूर जा. या नसतील तर बोर्डसाठी पैसे देऊ नका.

प्रश्न: यांचं वय ६२. बायोप्सीत ग्लीसन ३+३=६ आलं. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन नको, लक्ष ठेवू. हे शांत आहेत पण मला रात्र रात्र झोप नाही. अंगात कॅन्सर ठेवून कसं जगायचं? लॅबला एआयने परत तपासायला सांगू का? (चिपळूण)

उत्तर: ताई, तुमची झोप उडणं साहजिक आहे आणि यात तुमचं काही चुकत नाहीये. तरी डॉक्टरांनी सांगितलंय ते टाळाटाळ म्हणून सांगितलेलं नाही. ग्लीसन म्हणजे मायक्रोस्कोपखाली कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचे मार्क. ६ हा आताच्या पाच गटांतला पहिला म्हणजे सगळ्यात सौम्य गट, यातल्या पेशी दुसरीकडे पसरण्याची शक्यता फारच कमी. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाच्या अभ्यासात सुरुवातीच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठी टाकावी तसं तीन गटांत वाटलं होतं, लक्ष ठेवणं, ऑपरेशन आणि रेडिएशन. पंधरा वर्षांनी बघितलं तर प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले सगळे मिळून २.७ टक्के, आणि तिन्ही गटांत फारसा फरक नाही. उलट ऑपरेशनवाल्यांना लघवी गळण्याचा आणि लैंगिक त्रास जास्त झाला. लक्ष ठेवलेल्या गटात कॅन्सर पसरण्याचं प्रमाण मात्र दुप्पटीच्या आसपास होतं, ९.४ टक्के, हे मी लपवणार नाही. पण त्या काळचं लक्ष ठेवणं मुख्यतः पीएसएवर होतं, एमआरआय नव्हता, आणि त्या गटात ६ पेक्षा वरचे ग्लीसनवालेही होते. आता ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि वर्षभराने परत बायोप्सी असं पक्कं वेळापत्रक असतं, आणि काही बदललं की उपचार सुरू करता येतात.

सेकंड ओपिनियन मात्र जरूर घ्या, कारण ३+३ आणि ३+४ यातली रेष बारीक आहे आणि दोन पॅथॉलॉजिस्टचं मत वेगळं पडू शकतं. लॅबमधून मूळ स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागा, ते मिळतात, आणि एखाद्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात युरोपॅथॉलॉजी म्हणजे प्रोस्टेट-मूत्राशयाचे तुकडे नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. एआयचं म्हणाल तर या कामात ते चांगलंच पुढे गेलंय, २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पेज प्रोस्टेट या सॉफ्टवेअरला मान्यता दिली, स्लाइडवर कॅन्सरची शंका कुठे आहे ते पॅथॉलॉजिस्टला दाखवणारं. पण त्यासाठी आधी स्लाइड स्कॅन करून डिजिटल करावी लागते आणि तो स्कॅनर प्रत्येक लॅबकडे नाही. अनुभवी माणसाचं दुसरं मत तुम्हाला आज मिळू शकतं, त्यासाठी थांबू नका.

आणि यांच्या घरात कुणाला प्रोस्टेटचा, किंवा बहिणी-मावश्यांना स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर होता का ते डॉक्टरांना सांगा. असेल तर जीन टेस्टचा विचार होतो आणि लक्ष ठेवायचं की नाही हे गणितही बदलू शकतं.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असतो, वडील कोल्हापुरात. तीन वर्षांपूर्वी प्रोस्टेट काढली, आता पीएसए ०.०२ वरून ०.४ झालाय. इथले मित्र म्हणतात पीएसएमए पेट स्कॅन कर, तिथे कुणी बोन स्कॅन म्हणतं. भारतात हे होतं का? आणि पेटमध्ये सगळं नक्की कळतं का?

उत्तर: होतं, आणि बऱ्याच वर्षांपासून होतंय. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रोटीन खूप असतं, त्याला चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात आणि साधारण तासाभराने अंगभर स्कॅन करतात. गॅलियम-६८ वापरत असतील तर ते ६८ मिनिटांत निम्मं होतं, म्हणून ते तिथल्या तिथे बनवावं लागतं आणि म्हणूनच सेंटरवाले वेळेवर या म्हणून मागे लागतात. वडिलांना कोल्हापूर-पुणे रस्त्याचा अंदाज घेऊन आदल्या दिवशी मुक्कामाला पाठवा. ऑस्ट्रेलियातल्या प्रोपीएसएमए अभ्यासात (२०२०, धोका जास्त असलेले ३०२ पुरुष, उपचारांच्या आधी) या स्कॅनची अचूकता ९२ टक्के निघाली आणि सीटी अधिक बोन स्कॅनची ६५ टक्के. तो अभ्यास ऑपरेशनच्या आधीच्या लोकांवर होता, पण तुमच्या वडिलांसारखा कमी पीएसए असेल तर बोन स्कॅनमध्ये काही दिसण्याची शक्यता आणखीच कमी, म्हणून माझा कौल पीएसएमएला.

सगळं नक्की कळतं का, तर नाही. ०.४ ला स्कॅन कोरा येऊ शकतो, म्हणजे कॅन्सर नाही असं नव्हे, एवढाच की अजून दिसण्याएवढा नाही. ऑपरेशननंतर पीएसए परत वाढला की रेडिएशन देतात, स्कॅन कोरा आला म्हणून ते पुढे ढकलायचं असं स्वतःच ठरवू नका, पीएसए कमी असतानाच ते दिलेलं जास्त लागू पडतं. आणि उलटंही होतं, बरगडीत एक बारीक चमक दिसते आणि रिपोर्टमध्ये हाडात पसरल्याची शंका लिहून येते. जुनी मोडलेली बरगडी, पडल्याचा मार, काहीही असू शकतं, आणि गॅलियमऐवजी फ्लोरिन-१८ वापरलं तर त्याच्या एका प्रकारात ही फुकटची चमक जास्तच दिसते. एकट्या बरगडीच्या डागावर बाबांची स्टेज बदलू देऊ नका, सीटीवर तिथे काय दिसतंय ते विचारा.

चांगल्या इमेजिंगने उपचार कसे बदलतात याचं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. टाटा मेमोरियलचा पॉप-आरटी अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, धोका जास्त असलेले पण लिम्फ नोड्समध्ये म्हणजे रसग्रंथींमध्ये कॅन्सर न दिसलेले २२४ पेशंट, अर्ध्यांना फक्त प्रोस्टेटला रेडिएशन आणि अर्ध्यांना ओटीपोटातल्या लिम्फ नोड्सनाही. पाच वर्षांनी पीएसए परत न वाढलेले दुसऱ्या गटात ९५ टक्के आणि पहिल्यात ८१.२. आयुष्य वाढल्याचं अजून दिसलं नव्हतं, पण परदेशात असे अभ्यास झाले होते आणि त्यात हा फायदा नीट दिसला नव्हता. टाटाच्या अभ्यासात बहुतेकांची आधी पीएसएमए पेट झालेली होती, म्हणजे ज्यांचा कॅन्सर आधीच लांब गेलाय ते बाजूला काढले गेले होते, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. आणि याच पीएसएमएला ल्युटेशियम-१७७ जोडून उपचारही करतात, पसरलेल्या आजारात. ते ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. तुमच्या वडिलांना आत्ता त्याची गरज नाही, पण हे माहीत असू द्या.

प्रश्न: अमेरिकेतल्या मेव्हण्याला रेडिएशनबरोबर हार्मोनचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे एआय टेस्टने ठरवलं. आमच्याकडे मात्र सरसकट देतात. आम्ही मागे आहोत का? (पुणे)

उत्तर: ती बहुधा आर्टेरा नावाची टेस्ट असेल. बायोप्सीची डिजिटल स्लाइड आणि वय, पीएसए अशी माहिती एकत्र करून हार्मोनचा फायदा होईल का याचा अंदाज देते. हार्मोन इंजेक्शनने (ते पुरुषी हार्मोन बंद करतं) अंगातून वाफा येतात, हाडं विरळ होतात, साखर वाढते, माणूस थकून जातो, त्यामुळे ज्याला उपयोग नाही त्याला न देणं ही फार मोठी गोष्ट आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या अमेरिकन ट्रायलच्या पेशंटवर तपासलं तर साधारण एक तृतीयांश लोकांनाच फायदा दिसला. हा प्रश्न मुख्यतः मध्यम धोक्याच्या पेशंटचा. ग्लीसन ८ ते १० आणि पीएसए खूप वर असेल तर हार्मोन द्यायचंच, त्यात एआयला विचारायचं काही नाही. आपल्याकडे बरेच पेशंट उशिरा येतात, म्हणून सरसकट दिल्यासारखं वाटतं. तुमचा मध्यम धोक्याचा असेल तर डॉक्टरांना विचारा की चार-सहा महिने की दोन वर्षं, आणि का.

प्रश्न: रिपोर्ट चॅटजीपीटीला टाकून विचारलं तर चालतं का? मी टाकला, त्याने फार छान समजावलं. (ठाणे)

उत्तर: शब्दांचे अर्थ समजून घ्यायला चालेल. आधी रिपोर्टवरचं नाव, यूएचआयडी म्हणजे हॉस्पिटलचा पेशंट नंबर, फोन, हॉस्पिटल सगळं झाका, ती माहिती एकदा बाहेर गेली की परत घेता येत नाही. पण त्याने वाचलाय तो रिपोर्टचा मजकूर, तुमचा एमआरआय नव्हे. फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो टाकून कॅन्सर आहे का असं अजिबात विचारू नका, स्कॅनमध्ये शेकडो चित्रं असतात आणि फिल्मवर त्यातली मोजकीच छापलेली. त्याचा चांगला उपयोग म्हणजे डॉक्टरांना काय विचारायचं याची यादी करून घेणं. ती कागदावर लिहून न्या.

आणि सेकंड ओपिनियनला जाताना फिल्म नाही, सीडी किंवा पेन ड्राइव्हवर डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ चित्रं) मागा, स्पष्ट डायकॉम म्हणूनच मागा नाहीतर जेपीजी देतात. मागचा एमआरआय असेल तर त्याचीही सीडी, बायोप्सीचा रिपोर्ट, पीएसएचे सगळे जुने कागद तारखेने लावून. काउंटरवर सीडी हातात पडली की तिथेच त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडून बघायला सांगा, कोरी निघते कधी कधी आणि मग पेशंटला परत त्याच रस्त्याने यावं लागतं.